हरण्यासाठी मांडलेला दावा : ब्रिग्ज विरुद्ध एलियट

गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची पद्धत, म्हणजे विभाजन, घटनाबाह्य ठरवणारा 17 मे 1954 चा 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' हा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. त्यासोबत दोन नावंही येतात : वकील थर्गूड मार्शल आणि सरन्यायाधीश अर्ल वॉरन. पण ब्राउन हा एकच खटला नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणचे पाच दावे त्यात एकत्र आले होते, आणि त्यांतला सर्वोच्च न्यायालयात सगळ्यात आधी पोहोचलेला दावा कॅन्ससचा नव्हे, साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीचा होता. त्याचं नाव 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट'.

या दाव्यातली एक गोष्ट वकिली करणाऱ्या कुणालाही चक्रावून टाकेल. तो जवळपास जिंकल्यात जमा होता, तेव्हा वादींच्या वकिलांनी तो काढून घेतला आणि जिथे हार ठरलेली होती अशा रूपात पुन्हा दाखल केला. तसं करा असं सुचवणारी व्यक्ती समोर न्यायासनावरच बसली होती.

बस मागितली, मिळाली नाही

सुरुवात झाली ती शाळेच्या बसपासून. क्लॅरेंडन हा कापूस पिकवणारा भाग. शाळांत कृष्णवर्णीय मुलं 6,531 आणि गोरी 2,375. गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी 30 बस, कृष्णवर्णीयांसाठी एकही नाही. 1949-50 या वर्षात दर गोऱ्या मुलामागे 179 डॉलर खर्च झाला, दर कृष्णवर्णीय मुलामागे 43 डॉलर. गोऱ्यांच्या 12 शाळांच्या मालमत्तेची किंमत 6,73,850 डॉलर, तर कृष्णवर्णीयांच्या 61 शाळा मिळून 1,94,575 डॉलर. म्हणजे शाळा पाचपट आणि किंमत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. यांतल्या बऱ्याच शाळा म्हणजे एक-दोन खोल्या, नळाचं पाणी नाही आणि आवारात खड्ड्याचे संडास.

1947 मध्ये लेव्हाय पिअरसन या शेतकऱ्याने मुलांसाठी बस मागणारा अर्ज दिला. त्यामागे रेव्हरंड जोसेफ डिलेन हे शिक्षक-धर्मोपदेशक होते आणि कोलंबिया शहरातले वकील हॅरल्ड बूलवेअर. अर्जाला उत्तरच आलं नाही, म्हणून 1948 मध्ये दावा लावला. तो बाद झाला एका अगदी कोरड्या मुद्द्यावर. पिअरसन यांची जमीन शाळा-जिल्ह्यांच्या सीमेवर होती, कर ते एका जिल्ह्यात भरत आणि मुलं दुसऱ्या जिल्ह्याच्या शाळेत जात. ज्या जिल्ह्यात कर भरत नाही त्याच्यावर दावा लावण्याचा अधिकारच नाही, असं ठरलं. दरम्यान गावातल्या दुकानांनी आणि बँकेने पिअरसन यांची उधारी बंद केली, तोडलेलं लाकूड कुणी विकत घेईना.

एकच वादी ठेवला की काय होतं, हे या दाव्याने दाखवून दिलं. त्या एका माणसाच्या कागदपत्रात खोट निघाली की सगळा दावा कोसळतो, आणि गावाला त्या एकाचीच नाकेबंदी करता येते. मार्शल यांनी पुढच्या वेळी किमान वीस पालक हवेत अशी अट घातली, तेही एकाच शाळा-जिल्ह्यातले. नोव्हेंबर 1949 मधल्या अर्जावर पालक आणि मुलं मिळून 107 नावं होती. वर्णक्रमाने पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं, म्हणून दाव्यालाही तेच नाव मिळालं. ब्रिग्ज नौदलातून परतलेले, पेट्रोल पंपावर काम करणारे. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्यांना सिगारेटचं खोकं भेट दिलं आणि कामावरून काढलं. त्यांच्या पत्नी एलायझा मोटेलमध्ये खोल्या आवरण्याचं काम करत, त्यांचंही काम गेलं. प्रतिवादी रॉडरिक एलियट हे शाळा-विश्वस्तांचे अध्यक्ष होते.

दाव्यात नेमकं काय मागितलं होतं

1950 मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टात गेलेल्या या पहिल्या दाव्याची मागणी जुन्या वळणाची होती : आमच्या शाळा गोऱ्यांच्या शाळांच्या तोडीच्या करा. 1896 च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' निकालाने 'वेगळं पण समान' हे सूत्र घालून दिलं होतं, आणि मागणी त्याच्या चौकटीतली होती. वर दिलेले आकडे पाहता ती मान्य न करणं कोणत्याही न्यायाधीशाला जड गेलं असतं.

आता प्रक्रियेकडे पाहू, कारण या प्रकरणाची सगळी गंमत तिथे आहे. कायदा बरोबर आहे, अंमलबजावणी चुकीची आहे, असा दावा असेल तर तो एका जिल्हा न्यायाधीशासमोर चाले. त्यावरचं अपील रिचमंडच्या फोर्थ सर्किट कोर्टात, आणि त्यापुढे सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तरच तिथे. उलट, राज्याचा कायदाच घटनाबाह्य आहे म्हणून त्याच्या अंमलाला मनाई हुकूम द्या, अशी मागणी असेल, तर त्या काळच्या फेडरल कायद्यानुसार तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ बसवावं लागे. त्या पीठाच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येई, आणि ते हक्काचं अपील असे. ऐकायचंच नाही असं म्हणून न्यायालयाला ते दारातून परत पाठवता येत नसे.

क्लॅरेंडनच्या बाबतीत पहिल्या वाटेला समोर जे. वेटीज वेअरिंग हे एकटे न्यायाधीश असते, आणि कृष्णवर्णीयांच्या बाजूने निकाल देण्याचा त्यांचा लौकिक तोवर झाला होता. दुसऱ्या वाटेला वेअरिंग तिघांतले एक. बाकीचे दोघे कोण येणार याचा अंदाज सगळ्यांना होता, आणि त्यांच्यासमोर मामला दोनास एक असा हरणार हेही दिसत होतं.

वेअरिंग कोण होते

वेअरिंग यांच्या पूर्वायुष्यात पुढच्या घडामोडींची चाहूल कुठेच लागत नाही. ते चार्ल्स्टनच्या जुन्या घराण्यातली आठवी पिढी. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले. स्वतः शहराचे वकील, आणि 1938 मध्ये 'कॉटन एड' स्मिथ या उघड वर्णद्वेष्ट्या सिनेटरच्या प्रचाराचं काम केलेले. 1942 मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना फेडरल न्यायाधीश नेमलं तेव्हा ते साठी ओलांडलेले होते.

1944 मध्ये चार्ल्स्टनच्या कृष्णवर्णीय शिक्षिका व्हायोला ड्यूव्हॉल यांचा समान पगाराचा दावा त्यांच्यासमोर आला, आणि त्यांनी तो फारसा काथ्याकूट न करता मान्य केला. नोव्हेंबर 1946 मध्ये आयझॅक वुडर्डचा खटला आला. हा सैनिक गणवेशात घरी निघाला असताना बेट्सबर्ग गावाच्या पोलिस प्रमुखाने मारहाण करून त्याचे दोन्ही डोळे निकामी केले होते. सर्व गोऱ्या ज्यूरीने आरोपीला अर्ध्या तासाच्या आत सोडलं. सरकारी वकिलांनी खटला किती ढिलाईने चालवला हे वेअरिंग यांनी डोळ्यांसमोर पाहिलं. पुढच्याच वर्षी, जुलै 1947 मध्ये, 'एल्मोर विरुद्ध राइस' प्रकरणात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मतदान ही पद्धत त्यांनी मोडीत काढली आणि निकालपत्रात लिहिलं की साउथ कॅरोलायनाने पुन्हा संघराज्यात सामील होण्याची वेळ आली आहे. घटस्फोट, उत्तरेकडच्या एलिझाबेथ यांच्याशी दुसरं लग्न आणि कृष्णवर्णीय पाहुण्यांना घरी जेवायला बोलावणं, यामुळे चार्ल्स्टनच्या प्रतिष्ठित समाजाने त्यांना आधीच वाळीत टाकलं होतं. 1950 मध्ये त्यांच्या घराशेजारी क्रॉस जाळण्यात आला (ही वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण), नंतर घरावर दगडफेक झाली.

शिक्षिकेच्या पगाराच्या आणि एल्मोरच्या दाव्यांत आणि ब्रिग्ज दाव्यातही एक वकील समान होता : हॅरल्ड बूलवेअर. हॉवर्ड विद्यापीठातून शिकलेले. राज्यात अशी प्रकरणं घेणारे कृष्णवर्णीय वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांतले ते. पगाराच्या आणि मतदानाच्या दाव्यांपासून पिअरसनच्या दाव्यापर्यंत तिथली कामं त्यांनी सांभाळली. मार्शल न्यू यॉर्कहून येत, बाजू मांडत आणि जात. बूलवेअर तिथेच राहत, आणि मधल्या काळात पक्षकारांना धीर देणं, कागद गोळा करणं, स्थानिक कोर्टाच्या तारखा सांभाळणं त्यांच्याकडे असे. इतिहासाच्या पुस्तकात अशा वकिलाला एक ओळ मिळते.

17 नोव्हेंबर 1950

त्या दिवशी चार्ल्स्टनला सुनावणीपूर्व बैठक झाली. अशी बैठक वादाचे मुद्दे निश्चित करण्यासाठी असते. वेअरिंग यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, आणखी एक 'वेगळं पण समान' प्रकरण चालवायची आपल्याला इच्छा नाही, असं त्यांनी मार्शल यांना स्पष्ट केलं. दाव्यातल्या भाषेतून विभाजनाला आव्हान आहे की नाही हे धड ठरत नव्हतं. आव्हान द्यायचंच असेल तर हा दावा काढून घ्या आणि साउथ कॅरोलायनाच्या स्वतःच्या राज्यघटनेतल्या तरतुदीवर थेट हल्ला करणारा नवा दावा आणा, असं त्यांचं म्हणणं. मार्शल यांना हे अनपेक्षित होतं. हातातला अनुकूल न्यायाधीश सोडून तिघांच्या पीठापुढे जायचं म्हणजे वीस कुटुंबांच्या झळीची किंमत देऊन खालच्या कोर्टात हरायचं.

इथे एक दुरुस्ती हवी, कारण अलीकडे सगळं श्रेय न्यायाधीशाला देण्याची टूम आहे. मार्शल यांच्या संघटनेच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या, वकिलांनी 1950 च्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं की यापुढे समान सुविधा मागायच्या नाहीत, विभाजनच मोडायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 5 जून 1950 च्या 'स्वेट' आणि 'मॅक्लॉरिन' निकालांनी विद्यापीठांपुरतं 'वेगळं पण समान' बरंच पोखरलं होतं. धोरण ठरलेलं होतं, पण क्लॅरेंडनचा दावा त्याआधीच्या साच्यात घडलेला होता. वेअरिंग यांनी केलं ते इतकंच, की आडून केलेला युक्तिवाद ऐकणार नाही असं सांगून टाकलं. शिवाय एकट्याने दिलेला निकाल रिचमंडला उलटवला जाईल आणि प्रकरण तिथेच विरून जाईल, हे त्यांना त्या कोर्टाच्या माहितीवरून कळत होतं.

न्यायाधीशाने एका पक्षाला दावा कसा मांडायचा ते सांगावं का? आमच्या मते हे मर्यादेच्या अगदी काठावरचं वर्तन होतं. बैठकीचा नियम मुद्दे स्पष्ट करून घ्यायला परवानगी देतो, निकालाची वाट आखून द्यायला नाही. वेअरिंग त्याच काळात विभाजनाविरुद्ध जाहीर बोलतही होते. पण त्यांची सूचना वादींना जिंकवणारी नव्हती, खालच्या कोर्टात हरवणारी होती, हेही विसरून चालत नाही.

पुढची पायरी साधी. पुन्हा दाखल करण्याची मुभा राखून दावा काढून घेतला. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 23 नियम 1 ज्यांनी वापरला आहे, त्यांना ही मुभा किती मोलाची असते हे सांगायला नको. ती न मागता दावा काढला, तर त्याच कारणावर पुन्हा कोर्टात पाय ठेवता येत नाही. 22 डिसेंबर 1950 ला नवा दावा दाखल झाला. त्यात लक्ष्य नेमकं होतं : साउथ कॅरोलायनाच्या 1895 च्या राज्यघटनेच्या अकराव्या अनुच्छेदातलं कलम 7, जे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा सक्तीच्या करत होतं, आणि त्यावर आधारलेला राज्याचा कायदा.

प्रतिपक्षाने हवा काढून घेतली

तिघांच्या पीठावर वेअरिंग यांच्यासोबत आले जॉन पार्कर आणि जॉर्ज बेल टिमरमन. पार्कर हे फोर्थ सर्किटचे मुख्य न्यायाधीश. 1930 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठीची त्यांची नेमणूक सिनेटने 41 विरुद्ध 39 मतांनी फेटाळली होती, आणि ती पाडण्यात मार्शल यांच्याच संघटनेचा हात होता. तरीही विद्वान आणि संयमी म्हणून त्यांचा मान होता. टिमरमन यांच्याबद्दल शंका कुणालाच नव्हती. त्यांचा मुलगा त्या वेळी राज्याचा उपराज्यपाल होता.

28 मे 1951 ला सुनावणी सुरू झाली. शेकडो कृष्णवर्णीय नागरिक पहाटेपासून रांगेत उभे होते, कोर्टाच्या खोलीत त्यांतल्या थोड्यांनाच जागा मिळाली. राज्याचे वकील रॉबर्ट फिग उठले आणि पहिल्याच निवेदनात म्हणाले की शाळा समान नाहीत हे आम्ही मान्य करतो. राज्यपाल जेम्स बर्न्स यांनी 3 टक्के विक्रीकर आणि 7.5 कोटी डॉलरच्या रोख्यांची योजना आणली आहे, आम्हाला सुधारणेला मुदत द्या.

ही चाल फार हुशार होती. वादी पक्षाने शाळाशाळांतून फिरून जमवलेला पुरावा एका वाक्याने अनावश्यक झाला. जी गोष्ट प्रतिवादी कबूल करतो ती सिद्ध करायला साक्षीदार कशाला? दावा जुन्या रूपात असता तर तो त्याच क्षणी संपला असता : शाळा समान करा असा हुकूम, सहा महिन्यांत अहवाल, आणि विभाजन जागच्या जागी. 17 नोव्हेंबरच्या बैठकीचा उपयोग इथे कळतो. मार्शल यांनी आग्रह धरून साक्षी नोंदवून घेतल्या, कारण अपिलात जायचं तर नोंदच पुढे जाते. हॉवर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू व्हाइटहेड यांनी इमारती, वर्गखोल्या, संडास, पाणी यांचा तपशील कोर्टापुढे ठेवला.

आता उरलेला प्रश्न होता की इमारती सारख्या झाल्या तरी वेगळेपणाने मुलांचं नुकसान होतं का. याची बाजू रॉबर्ट कार्टर यांनी सांभाळली. समाजशास्त्राचा पुरावा आणायचा हट्ट संघटनेत मुख्यतः त्यांचाच होता, आणि सहकारी त्याची थट्टा करत. त्यांनी मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांना साक्षीला आणलं. क्लार्क यांनी स्कॉट्स ब्रांच शाळेतल्या सहा ते नऊ वयाच्या 16 मुलांना एक गोरी आणि एक सावळी बाहुली दाखवली होती. त्यांतल्या 10 जणांना गोरी बाहुली जास्त आवडली, 11 जणांनी सावळी 'वाईट दिसते' असं सांगितलं, आणि तुझ्यासारखी कोणती विचारल्यावर 7 जणांनी गोरी उचलली.

पुरावा म्हणून हे कच्चं होतं. सोळा मुलं हा नमुना नव्हे, आणि क्लार्क यांच्याच आधीच्या कामात उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांनीही गोऱ्या बाहुलीला पसंती दिली होती. फिग यांना हे उलटतपासणीत उकरता आलं असतं. त्यांनी या साक्षीला फारसं महत्त्वच दिलं नाही आणि ती नोंदीवर जवळपास अबाधित राहिली.

दोनास एक

जून 1951 मध्ये निकाल लागला. पार्कर यांनी लिहिलेल्या आणि टिमरमन यांनी मान्य केलेल्या बहुमताने विभाजन वैध ठरवलं, शाळा समान करा असा हुकूम दिला आणि सहा महिन्यांत अहवाल मागवला. विभाजन हा धोरणाचा प्रश्न आहे, तो विधिमंडळाने ठरवावा, आणि प्लेसी उलटवायचा असेल तर तो वरच्या न्यायालयाने उलटवावा, ही पार्कर यांची भूमिका. कनिष्ठ न्यायालयाच्या शिस्तीत ती चूक म्हणता येत नाही.

वेअरिंग यांचं भिन्नमत सुमारे वीस पानांचं आहे आणि आजही वाचण्यासारखं आहे. आधी ते वादींच्या धैर्याची दखल घेतात. मग फिग यांच्या कबुलीवर येतात : असमानता मान्य करून मूळ प्रश्न टाळू दिला, तर प्रत्येक वर्गासाठी, प्रत्येक इमारतीसाठी पुन्हा नवा दावा लावावा लागेल आणि घटनात्मक प्रश्न कायमचा लांबणीवर पडेल. कुणाच्या अंगात किती रक्त कोणतं, यावर कायदा कसा काय टेकवायचा, असंही ते विचारतात. विभाजन चूक असेल तर ते थांबवण्याची जागा पहिलीचा वर्ग आहे, पदवीनंतरची महाविद्यालयं नव्हेत, असं बजावून ते निष्कर्षावर येतात : विभाजन हीच मुळात असमानता आहे.

प्राथमिक-माध्यमिक शाळांतल्या विभाजनाबद्दल एका फेडरल न्यायाधीशाने इतकं नि:संदिग्ध लिहिणं त्या काळात दुर्मीळ होतं. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शैक्षणिक सुविधा अंगभूतपणे असमान असतात असं म्हटलं, तेव्हा निष्कर्ष हाच होता. ब्राउन निकालपत्रात वेअरिंग यांचं नाव मात्र नाही.

वर जाताना आणि खाली येताना

अपील वर गेलं खरं, पण 28 जानेवारी 1952 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या प्रगती अहवालावर खालच्या पीठाचं मत घ्या म्हणून प्रकरण परत पाठवलं. न्यायमूर्ती ब्लॅक आणि डग्लस यांना हे पटलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात वेअरिंग सेवानिवृत्त होऊन न्यू यॉर्कला गेले. त्यांच्या जागी आर्मिस्टेड डोबी आले आणि मार्चमध्ये पीठाने एकमताने पुन्हा तेच ठरवलं. ब्रिग्ज पुन्हा वर गेलं. या फेरीत कॅन्ससचा दावा पुढे सरकला आणि एकत्रित प्रकरणाला ब्राउन हे नाव लागलं. प्रश्न फक्त दक्षिणेचा वाटू नये, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना सोयीचं होतं. मार्शल यांनी डिसेंबर 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला तो ब्रिग्जमध्येच. समोर उभे होते जॉन डेव्हिस, 1924 चे अध्यक्षपदाचे उमेदवार.

1954 ला जिंकल्यावर 1955 मध्ये अंमलबजावणी पुन्हा त्या त्या खालच्या न्यायालयांकडे गेली. क्लॅरेंडनपुरतं याचा अर्थ पार्कर, टिमरमन आणि डोबी. तीन जणांच्या पीठाने वर जायची वाट उघडून दिली होती, पण खाली येताना प्रकरण त्याच पीठाच्या हाती पडलं, आणि भिन्नमत लिहिणारा आता तिथे नव्हता. 15 जुलै 1955 ला पार्कर यांनी लिहिलं की अमेरिकेची राज्यघटना एकत्रीकरण सक्तीचं करत नाही, ती फक्त भेदभावाला मनाई करते. निकालाला ते वाक्य अत्यावश्यक नव्हतं. तरीही दक्षिणेतल्या शाळा-मंडळांनी पुढची तेरा वर्षं ते ढालीसारखं वापरलं. 'शाळा निवडायचं स्वातंत्र्य' या नावाच्या योजना आखायच्या, दारं कागदोपत्री उघडी ठेवायची, आणि जो कृष्णवर्णीय पालक गोऱ्या शाळेसाठी अर्ज करेल त्याची ब्रिग्ज कुटुंबासारखी गत करायची. मे 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 'ग्रीन' निकालाने या योजनांना आडकाठी घातली. क्लॅरेंडनमधल्या समरटन गावात कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पहिला प्रवेश 1965 मध्ये मिळाला, तोही नव्या दाव्यानंतर, आणि गोऱ्या पालकांनी आपली मुलं खासगी शाळेत नेली.

वादींपैकी डिलेन यांचं समरटनमधलं घर 1951 मध्ये जळालं. 1955 मध्ये लेक सिटीतलं त्यांचं चर्चही जाळलं गेलं आणि घरावर गोळीबार झाल्यावर त्यांनी उलट गोळ्या झाडल्या. अटकेचं वॉरंट निघाल्याने ते राज्य सोडून गेले, आणि त्यांच्यावरचा तो ठपका निघाला 2000 मध्ये, त्यांच्या निधनानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी. वेअरिंग 1968 च्या जानेवारीत वारले. चार्ल्स्टनच्या ज्या फेडरल कोर्टात ते बसत, त्या इमारतीला 2015 मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. बूलवेअर पुढे कोलंबियात न्यायाधीश झाले. बाहुल्यांच्या पुराव्यासाठी हटून बसलेले कार्टर 1972 मध्ये न्यू यॉर्कला फेडरल न्यायाधीश झाले.